सहस्रचंद्रदर्शनाचे जेवण आणि पाहुण्यांची पथ्ये

शहापूरकर

पुढच्या महिन्यात आमच्या आईचे सहस्रचंद्रदर्शन बेळगावातल्या वडगाव भागातील एका मंगल कार्यालयात करण्याचे ठरले आहे. सत्कारमूर्तीच ऐंशीच्या पुढची असल्यामुळे तिच्या पिढीचे पाहुणे बहुसंख्य असणार, आणि या वयात प्रत्येकाच्या मागे काही ना काही पथ्य लागलेले असते. आई स्वतः इन्सुलिनवर आहे. धाकट्या काकांचे आठवड्यातून तीनदा डायलिसिस होते. भाचीला सिलिअॅक असल्यामुळे तिला गव्हाचा कणही चालत नाही. मावशीच्या नातवाला शेंगदाण्याची अॅलर्जी आहे. निपाणीकडून वडिलांच्या स्नेह्यांची तीन जैन कुटुंबे येणार आहेत, आणि शेजारच्या अण्णांना अर्धांगवायूच्या झटक्यानंतर पातळ पदार्थ पिताना ठसका लागतो.

आचाऱ्यांनी दिलेली यादी आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणेच आहे : पुरणपोळी, गुळवणी, येळवणीची आमटी, भरली वांगी, बटाट्याची भाजी, मसालेभात, कोशिंबीर, शेंगदाण्याची चटणी, गव्हाची खीर आणि शेवटी दूध आटवून केलेला कुंदा. ही यादी मोडावी अशी कोणाचीच इच्छा नाही, परंतु ज्यांच्यासाठी हा समारंभ आहे त्या मंडळींनी कोपऱ्यात बसून दहीभात खावा, हेही मनाला पटत नाही. प्रत्येकासाठी वेगळा स्वयंपाक करणे कार्यालयाच्या चुलीवर अशक्य आहे. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

टिळकवाडीची आहारतज्ज्ञ (निवृत्त)

आपण पथ्यांची यादी व्यवस्थित दिली आहे, पण ती सगळी एकाच जातीची नाहीत, आणि नियोजन येथूनच सुरू व्हायला हवे. काही पथ्ये प्रमाणाची असतात. मधुमेह, रक्तदाब आणि मूत्रपिंडाचा विकार यांत पदार्थ कोणता यापेक्षा तो किती आणि कशाबरोबर खाल्ला, याला महत्त्व असते. काही पथ्ये मात्र पूर्ण वर्जनाची असतात. सिलिअॅक आणि शेंगदाण्याची अॅलर्जी यांत "आज कार्य आहे, थोडेसे घ्या" या वाक्याला जागाच नाही, आणि जैन कुटुंबांच्या व्रतालाही तोच न्याय लावावा. पहिल्या प्रकारच्या पाहुण्यांची सोय वाढताना करता येते. दुसऱ्या प्रकारच्या पाहुण्यांची सोय चूल पेटण्याच्या आधीच, म्हणजे जिन्नस भरताना आणि भांडी वेगळी काढताना करावी लागते.

आता आपल्या आईंविषयी. इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीला समारंभात खरा धोका पुरणपोळीपेक्षा उशिराचा असतो. होम, औक्षण, सत्कार, भाषणे हे सगळे लांबत जाते, सकाळी घेतलेल्या इन्सुलिनचे काम मात्र चालूच राहते. रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखे होणे अशी लक्षणे दिसू लागतात आणि वृद्धांमध्ये ती पुष्कळदा "दमणूक झाली असेल" म्हणून दुर्लक्षिली जातात. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. कुंदा किंवा पेढा त्या क्षणी उपयोगाचा नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. त्या दिवशीच्या इन्सुलिनची मात्रा आणि वेळ डॉक्टरांना आधी विचारून ठरवावी, आणि आईंचे जेवण पंगतीची वाट न पाहता त्यांच्या नेहमीच्या वेळेला द्यावे. पहिले ताट सत्कारमूर्तीचे, असे म्हटले की कोणाला खटकणारही नाही.

पुरणपोळी त्यांनी अवश्य खावी, पण अर्धी, आणि त्या बदल्यात ताटातला भात व खीर वगळावी. भाजी आणि कोशिंबीर आधी खाऊन मग पोळी खाल्ली तर साखर तुलनेने सावकाश वाढते.

कॅम्पातला वाचक

पुरण गुळाचे असेल तर मधुमेहींना अडचण येऊ नये, असे वाटते. आमच्या घरी साखर पूर्ण बंद करून सर्वांनी गूळच सुरू केला आहे. शिवाय वर्षातून एखादा दिवस थोडे इकडेतिकडे झाले तर काय बिघडते? आमच्या आजोबांनी सगळे खाल्ले आणि नव्वदी गाठली.

टिळकवाडीची आहारतज्ज्ञ (निवृत्त)

आपला जिल्हा उसाचा असल्यामुळे गुळाविषयी आपल्या सर्वांना जिव्हाळा आहे, मलाही आहे. परंतु शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० किलोकॅलरी असतात, तर तेवढ्याच गुळात सुमारे ३८०, आणि गुळाचा मोठा भाग साखरच असतो. थोडे लोह आणि खनिजे गुळातून मिळतात हे खरे, पण त्यासाठी रक्तातील साखर सवलत देत नाही. डायलिसिसच्या रुग्णाला तर गूळ साखरेपेक्षा अधिक अडचणीचा ठरतो, कारण त्यात पोटॅशियम असते. "एक दिवस" हा युक्तिवाद प्रमाणाच्या पथ्यांना काही अंशी लागू पडतो, म्हणूनच मी अर्धी पोळी सुचवली. भाचीला आणि मावशींच्या नातवाला तो लागू पडत नाही.

खानापूरची गृहिणी

माझ्या मुलीला सिलिअॅक असल्यामुळे या बाजूविषयी सविस्तर लिहिते. गहू, जव आणि राय नावाचे धान्य यांतील ग्लुटेन या प्रथिनामुळे या मुलांच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते, आणि ती इजा प्रत्येक वेळी पोटात दुखूनच कळते असे नाही. त्यामुळे "खाल्ले आणि काही झाले नाही" यावरून निष्कर्ष काढता येत नाही. सुदैवाने आपल्या भागात याचे दुःख करण्याचे कारण नाही. ज्वारी, नाचणी, बाजरी, मका, तांदूळ, वरी, राजगिरा या कशातच ग्लुटेन नसते. पूर्वेकडच्या तालुक्यांतली ज्वारीची भाकरी आणि आमच्या खानापूरकडचा भात व नाचणी हेच या मुलांचे रोजचे अन्न होऊ शकते.

अडचण धान्यात नसून गिरणीत आहे. गिरणीवाले एकामागून एक डबे दळतात. गव्हानंतर आपली ज्वारी ओतली की जात्याच्या पाळ्यांत आणि पिठाच्या पिशवीत राहिलेला गहू आपल्या पिठात येतो. काही गिरणीवाले भलेपणाने आधी मूठभर तांदूळ दळून जाते "साफ" करून देतात, पण तेवढ्याने सिलिअॅकच्या रुग्णाचे काम भागत नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत ग्लुटेनमुक्त म्हणवण्याची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, यावरून किती थोड्या गव्हाने गाडी अडते याचा अंदाज यावा. आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घालत नाही. आपल्याकडे ती नसेल तर ज्वारी आणि तांदूळ निवडून, धुऊन, वाळवून घरच्या स्वच्छ मिक्सरमध्ये दळावेत. एका मुलीपुरते पीठ तेवढ्यात होते. बेसनही त्याच गिरणीतून येते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

दुसरी गोष्ट हिंगाची. बाजारातल्या डबीतले बांधानी हिंग पुष्कळदा मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात मळलेले असते. वेष्टनावर घटक वाचावेत. तांदळाच्या पिठातले हिंगही मिळते. आपल्या यादीतल्या आमटीला, भाज्यांना आणि मसालेभाताला हिंगाची फोडणी असणार, तेव्हा एवढा एक जिन्नस बदलला तर तीन-चार पदार्थ भाचीसाठी मोकळे होतात.

तिसरी गोष्ट कार्यालयाच्या स्वयंपाकघरातली. पुरणपोळ्या लाटताना पोळपाटावरून पीठ उडते आणि शेजारच्या उघड्या पातेल्यांवर बसते. पोळ्यांच्या तव्यावर भाकरी भाजू नये, त्याच उलथण्याने काही परतू नये, आणि पुरण पोळीत भरायला घेण्याच्या आधीच भाचीचे पुरण झाकणाच्या डब्यात काढून ठेवावे. तांदळाच्या उकडीत ते पुरण भरून मोदकासारखे वाफवून दिले तर गोडाच्या ताटात तिला कोणापेक्षाही कमी मिळणार नाही. गव्हाची खीर मात्र तिच्यापासून लांब ठेवावी, आणि खिरीचा डाव दुसऱ्या भांड्यात जाणार नाही याकडे एका माणसाने लक्ष द्यावे.

ज्यांच्या घरी असा नुसता संशय आहे त्यांच्यासाठी एक सूचना. रक्ततपासणी होण्यापूर्वी गहू बंद करू नये. गहू बंद केल्यावर तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

डायलिसिस विभागाबाहेरचा

माझे वडील काही वर्षे डायलिसिसवर आहेत, त्यामुळे काकांच्या ताटाविषयी लिहितो. सर्वांत आधी येळवणी. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ भरपूर पाण्यात शिजवून ते पाणी वेळून काढतात, आणि त्याचीच आमटी होते. डाळीतले पोटॅशियम पाण्यात उतरते, म्हणजे येळवणीच्या वाटीत ते बऱ्याच प्रमाणात आलेले असते. इतरांना "नुसती पातळ आमटीच तर आहे" असे वाटते आणि आग्रहाने दोन-दोन वाट्या वाढल्या जातात. काकांना ती वाढू नये. उलट भाज्यांच्या बाबतीत हीच क्रिया उपयोगी पडते. भाजी सोलून, बारीक चिरून, मोठ्या पातेल्यात उकळून ते पाणी फेकून दिले की पोटॅशियम बरेच कमी होते. दुधी, दोडका, कोबी, काकडी या त्यातल्या त्यात सोयीच्या भाज्या. बटाटा आणि टोमॅटो टाळलेले बरे.

पाहुण्यांच्या स्वागताला शहाळे देण्याची पद्धत अलीकडे आली आहे, ती काकांसाठी योग्य नाही. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. मीठ कमी करायचे म्हणून कोणी "कमी सोडियमचे मीठ" आणले तर त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते, आणि ते या रुग्णांना घातक ठरू शकते. साधेच मीठ, पण कमी. लोणचे, पापड आणि सांडगी मिरची ताटात वाढूच नये. त्या वाढल्या की तहान लागते, आणि डायलिसिसच्या रुग्णाला पाणीही मोजून प्यायचे असते. कोणी फळांची थाळी मांडणार असेल तर त्यातले कमरख (स्टारफ्रूट) या रुग्णांना मेंदूवर परिणाम करण्याइतके विषारी ठरू शकते, हे लक्षात असू द्यावे.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. मूत्रपिंडाचा रुग्ण म्हणजे प्रथिने बंद, असे सरसकट समजले जाते. डायलिसिस सुरू होण्यापूर्वी प्रथिने मर्यादित ठेवतात हे खरे, पण डायलिसिस सुरू झाल्यावर त्यातून प्रथिने बाहेर जातात आणि गरज वाढते. साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम. तेव्हा काकांना भाताबरोबर नुसती दुधीची भाजी देऊन उपाशी ठेवू नका. त्यांच्या आहारतज्ज्ञांना विचारून घट्ट वरण किंवा पनीर किती चालेल ते ठरवा. वर ज्यांनी "एक दिवस" म्हटले आहे त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की पोटॅशियम अचानक वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, आणि त्यासाठी एक दिवस पुरतो.

सदलग्याचा

जैन पाहुण्यांविषयी आपण आधीच विचार केलात, याचा आनंद वाटला. भोज ही आचार्य शांतिसागर महाराजांची आणि सदलगा ही आचार्य विद्यासागर महाराजांची भूमी, त्यामुळे आमच्या पट्ट्यात हे नियम पुस्तकातले नसून रोजच्या चुलीवरचे आहेत. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, बीट, रताळे आणि ओले आले हे चालत नाही. सुंठ बहुतेकांना चालते. मध चालत नाही. पुष्कळ घरांत वांगेही वर्ज्य असते, म्हणून भरल्या वांग्यांवर विसंबू नये. डाळीचा किंवा बेसनाचा पदार्थ कच्च्या दह्याताकात घालून खाणेही अनेक जण टाळतात, त्यामुळे दहीवडा ठरवण्यापूर्वी विचारावे. पाणी गाळलेले असावे. चातुर्मासात पालेभाज्याही बंद असतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वेळ. ज्यांचे रात्रिभोजन त्यागाचे व्रत आहे ते सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. कार्यक्रम संध्याकाळचा ठेवून सात वाजता पंगत मांडली तर कितीही निगुतीने केलेला स्वयंपाक त्यांच्या उपयोगाचा नाही. दुपारचे जेवण ठेवल्यास हा प्रश्नच उरत नाही. आणि कृपया निपाणीला एक फोन करावा. कोणाचे व्रत किती कडक आहे हे घराघरांत वेगळे असते, आणि विचारल्याचा कोणालाही राग येत नाही.

पंगतीचा आचारी, निपाणी

मी गेली अनेक वर्षे लग्नकार्यांचा स्वयंपाक करतो. वरचे सगळे वाचले आणि यादी पुन्हा पाहिली, तर ती मोडावी लागत नाही असे दिसते. बटाट्याची भाजी काढून दुधी आणि हरभरा डाळीची, कांदा-लसणाविना, सुंठ घातलेली भाजी करावी. त्यात जैन मंडळींची सोय होते, भाचीची होते, आणि डाळ घालण्यापूर्वीच थोडा दुधी उकळून बाजूला काढला तर काकांचीही होते.

शेंगदाण्याचा कूट हा आम्हा आचाऱ्यांचा उजवा हात आहे. भाजी पातळ झाली, घाल कूट. कोशिंबीर कमी पडली, घाल कूट. म्हणून कूट घालू नका असे नुसते सांगून भागत नाही. स्वयंपाकघरात कुटाचा डबा येऊच देऊ नये, कारण गर्दीच्या वेळी हात सवयीने तिकडे जातो. भरल्या वांग्यांना कारळे, तीळ आणि सुके खोबरे यांचे वाटण घालता येते आणि चव उतरत नाही. मात्र त्या मुलाला तीळ किंवा खोबरे चालते ना, हे मावशींना आधी विचारावे. चटणी जवसाची करावी. ज्यांना शेंगदाण्याचीच हवी त्यांच्यासाठी ती बंद पुड्यांत जेवणाच्या शेवटी द्यावी. तळणीचे तेल कोणते हेही विचारावे. आमच्याकडे शेंगतेल वापरणारे पुष्कळ आहेत, त्या दिवशी सूर्यफुलाचे सांगावे.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. कार्यालयातले वाढपी बहुधा कन्नड बोलणारे असतात. पातेल्यांवर चिठ्ठ्या लावणार असाल तर मराठी आणि कन्नड दोन्हींत लावा, आणि "ग्लुटेनमुक्त" वगैरे न लिहिता "गहू नाही", "शेंगदाणा नाही", "कांदा-लसूण नाही" असे साधे लिहा. वाढप्याने पंगतीत कोणाला काय नको हे लक्षात ठेवावे, अशी अपेक्षा करू नये. त्याच्या हातात बादली असते आणि समोर शंभर माणसे.

शहापूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कार्यक्रम दुपारचाच ठेवला आहे आणि निपाणीला फोनही झाला. त्यांच्यापैकी दोघांना वांगे चालत नाही, त्यामुळे भरल्या दोडक्याचा एक छोटा हंडा वेगळा होईल. मावशीकडे तिळाची आणि खोबऱ्याची अडचण नाही, पण मुलाला एकदा चिक्कीच्या तुकड्याने ओठ आणि डोळे सुजून दवाखान्यात न्यावे लागले होते. त्यामुळे शेवटी पुड्याही नकोत, असे आम्ही ठरवले. शेंगदाण्याची चटणी एका जेवणापुरती कोणी विसरणार नाही असे नाही, परंतु चालेल. अण्णांविषयी मात्र कोणी लिहिलेले नाही. त्यांना पेज किंवा ताक द्यावे, असे घरात म्हणणे आहे.

टिळकवाडीची आहारतज्ज्ञ (निवृत्त)

पेज आणि ताक दोन्ही नको. पचायला हलके ते गिळायला सोपे, असे सर्वांना वाटते, पण झटक्यानंतर गिळण्याची क्रिया मंदावलेली असते तेव्हा पातळ पदार्थ घशातून वेगाने सरकतो आणि श्वासनलिकेकडे वळतो. ठसका ही त्याचीच खूण आहे, आणि असे वारंवार झाल्यास न्यूमोनिया होऊ शकतो. त्यांना मऊ शिजवून घोटलेला भात, त्यात मिसळून एकजीव केलेले घट्ट वरण आणि वर तूप, असे द्यावे. भात आणि पातळ आमटी एकत्र देऊ नये, कारण एका घासात घन आणि द्रव दोन्ही आले की नियंत्रण सुटते. मसालेभाताची सुटी शिते, पापडाचे तुकडे आणि कोरडा, भुगा होणारा कुंदा टाळावा. गोड म्हणून पुरणच दुधात घोटून चमच्यावर ठरेल इतके दाट करून द्यावे, मात्र त्यांना मधुमेह नाही ना ते पाहावे. जेवताना त्यांना खुर्चीत ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान असावा, आणि जेवणानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. जमिनीवरच्या पंगतीचा आग्रह त्यांना करू नये. पाणी किती दाट करून द्यायचे हे त्यांच्या उपचारकांनी सांगितलेले असेल, ते घरच्यांना विचारून घ्यावे.

जाता जाता एक विचारते. पाहुण्यांत हृदयाची झडप बदललेले किंवा रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन घेणारे कोणी आहे का? त्यांना पालेभाजी वर्ज्य नसते, पण रोज जितकी खातात तितकीच खावी लागते. मेथीची भाजी छान झाली म्हणून तीनदा घेतली, तर औषधाचा परिणाम कमी होतो.

खानापूरची गृहिणी

मुलाची चिक्कीची हकीकत वाचून लिहिते. आपल्याकडच्या सरकारी शाळांत अंडे न खाणाऱ्या मुलांना पूर्वी केळे किंवा चिक्की देत असत. चिक्की आता बंद झाली असली तरी शाळेलाही त्याची अॅलर्जी लेखी कळवावी. कार्यक्रमाच्या दिवशी त्याची औषधे मावशींच्या पिशवीत असावीत, आणि ओठांना सूज, आवाज बसणे, धाप किंवा वारंवार उलटी यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ ला फोन करावा.

शहापूरकर

वॉरफरिन घेणारे एक मामा आहेत, हे आपण विचारल्यावर आठवले. यादीत पालेभाजी नाही, तेव्हा त्यांना फोन करून रोजच्या सवयीविषयी विचारून घेतो. भाचीसाठी तांदूळ धुऊन वाळत घातले आहेत. आचाऱ्यांनी आणखी एक सांगावे : ही वेगळी ताटे पंगतीत कशी पोहोचवायची?

पंगतीचा आचारी, निपाणी

पंगतीत पोहोचवूच नयेत. वाढप सुरू होण्यापूर्वी, पातेली स्वच्छ आणि डाव कोरे असताना, ही सगळी ताटे आधी भरून घ्यावीत, झाकावीत, प्रत्येकावर पाहुण्याचे नाव लिहावे आणि कोठीच्या खोलीत ठेवावीत. भाचीचे ताट सर्वांत आधी, पोळ्यांची कणीक मळायला घेण्यापूर्वी भरावे, आणि उकडीचे मोदक घरूनच वाफवून आणावेत. घरातली एकच जबाबदार व्यक्ती ती ताटे नेऊन देईल आणि पुन्हा वाढायलाही तीच जाईल, असे ठरवा. आईंच्या जेवणाची वेळ मला आदल्या दिवशी कळवा, म्हणजे त्यांच्या दोन पोळ्या त्या वेळेला तव्यावर घेता येतील. अर्धी त्यांची, बाकीच्या शेजारी बसणाऱ्यांच्या.